केवळआप्पा आणि स्टिअरिंगचं ऑईल

केवळ पगार हे त्यांचं खरंखुरं नाव. सटाण्याकडच्या गावांत केवळ हे नाव ठेवतात आणि पगार हे आडनावही तिकडचंच. पण दोन्ही एकत्र आली की नाशिकच्या माणसाला हसू यायचं. मी गॅरेजात कामाला लागले त्या सकाळी आमच्या शेठनी ओळख करून दिली ती अशी : "हे आमचे केवळ पगार. बोनस नाही, ओव्हरटाईम नाही, केवळ पगार." सगळे हसले. हा विनोद त्यांनी त्याआधी कितीदा ऐकला असेल देव जाणे, पण तेही मान खाली घालून गालातल्या गालात हसले, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. सगळे त्यांना केवळआप्पा म्हणायचे. मीही तेच म्हणू लागले.

गॅरेज पाथर्डी फाट्याच्या अलीकडे होतं. माझं काम काचेच्या केबिनमध्ये बसून जॉबकार्ड लिहायचं : गाडी कोणाची, तक्रार काय, काम काय झालं, कोणी केलं. सहा वर्षं मी आप्पांना पाहिलं ते जास्त करून त्या काचेतून. उंच, हडकुळे, खांद्यावर फडकं, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. ओठ हलताना दिसायचे, आवाज यायचा नाही. गाडी हातात आली की आधी ते बॉनेट उघडत नसत. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे, आणि दोन बोटांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. इंजिनाची कामं करणारे आमच्याकडे चौघे होते. स्टिअरिंगचं काम मात्र आप्पांचंच.

त्यांचा एक नियम होता. ऑईल रंगावरून ओळखायचं नाही. गिऱ्हाईक बाजारातून डबा घेऊन यायचं आणि म्हणायचं, "आप्पा, लाल आहे. स्टिअरिंगचंच आहे, टाकून द्या." आप्पा डबा हातात घेत, लांब धरत, जवळ धरत आणि म्हणत, "लाल म्हणजे स्टिअरिंगचं, हे तुला कोणी सांगितलं? काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑईल चालतं, काहींना हिरवं लागतं, काहींना त्यांच्या कंपनीचं वेगळंच. रंग काय, सरबतालाही असतो. टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाच, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच, डब्यावर काय लिहिलंय ते वाच. तिन्ही जुळलं तर ओत. नाही जुळलं तर घरी जा."

पुस्तकाबद्दल ते फार कडक. एकदा एक वकीलसाहेब घाईत आले. स्टिअरिंग वळवताना गाडी कण्हत होती. "लवकर काय ते ओता, मला अकराला कोर्टात उभं राहायचंय." आप्पांनी त्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातून पुस्तक काढलं. नऊ वर्षांच्या गाडीचं पुस्तक, अजून प्लास्टिकच्या पिशवीत बंद. आप्पांनी दातांनी पिशवी फाडली आणि पुस्तक वकिलांच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्यानं वाचा." आणि काळ्या कोटातले ते गृहस्थ गॅरेजच्या मधोमध उभे राहून, कोणतं ऑईल घालावं आणि कोणतं अजिबात घालू नये, हे खरोखरच मोठ्यानं वाचू लागले. आम्ही सगळे कामं थांबवून ऐकत होतो. वाचून झाल्यावर आप्पा म्हणाले, "बघा, तुमच्याकडेच पुरावा होता."

दुसरे एक दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. नवीकोरी गाडी, आणि सोबत महागातल्या स्टिअरिंग ऑईलची बाटली. आप्पांनी बॉनेट उघडून दिलं. "टाका."

"कुठं टाकू?"

"शोधा की. टाकी सापडली की हाक मारा."

बिचाऱ्यांनी अर्धा तास शोधलं. पुतण्यालाही कामाला लावलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "आप्पा, टाकीच नाय यात."

"नसणारच. याचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्याला ऑईल लागतच नाही."

"आन मग आधीच्या गाडीला, हिच्यासारखीच व्हती, तिला गॅरेजवाला दर वर्षी बदलून द्यायचा ते?"

आप्पांनी बॉनेट लावलं. "ते कुठं ओतलं, त्यालाच विचारा."

अशा गोष्टींमुळे लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. चुकीच्या ऑईलनं काय होतं हे ते सावकाश समजावून सांगत : आतली रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात, मग कुठून तरी झिरपायला लागतं, पंप ओरडतो आणि एक दिवस ऐन वळणावर स्टिअरिंग दगडासारखं होतं. "त्याच दिवशी होत नाही," ते म्हणत, "म्हणून तर माणसाला पटत नाही."

मला वाटायचं, हा माणूस शिस्तीचा आहे म्हणून असा आहे. खरं कारण कळलं ते येवल्यात.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आप्पांच्या मंडळींचे गुडघे गेलेले, प्रवास होत नव्हता. आप्पा मला म्हणाले, "माय, पैठणी घ्यायला येशील का? मला त्यातलं कळत नाही." त्यांच्याकडे लहान मुलीलाही प्रेमानं माय म्हणतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. घरून एकच निरोप होता, हिरवी आणायची. विणकराच्या घरातच पुढच्या खोलीत दुकान होतं. त्यांनी पाच-सहा साड्या उलगडल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी बाहेर गेले. परत आले तर साडीची घडी घालणं चाललं होतं. लालभडक साडी, सोनेरी काठ.

"आप्पा, हिरवी घ्यायची होती ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग साडीकडे बघितलं. त्यांचा हात अजून तिच्यावरच होता.

"ही हिरवीच ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि मी दुकानदाराला म्हणाले, "ही राहू द्या, ती शेजारची दाखवा."

 परतीच्या बसमध्ये, निफाड आल्यावर, ते खिडकीबाहेर बघतच सांगायला लागले. बावीस वर्षांचे असताना ते एसटीत ड्रायव्हरच्या भरतीला गेले होते. गाडी चालवून दाखवली, सगळं पार पडलं. शेवटी डॉक्टरांनी एक पुस्तक समोर धरलं. पानापानावर रंगीत ठिपके. "त्यात आकडे असतात म्हणे. बाजूचा पोरगा भडाभडा आकडे सांगत होता. मला नुसते ठिपके. लाल आणि हिरवं मला वेगळं दिसतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं." घरी त्यांनी सांगितलं, जागा भरल्या. बायकोलाही खरं सांगितलं नाही. मग गॅरेज धरलं, आणि एकतीस वर्षं वाचून, हुंगून, बोटांवर चोळून भागवलं. कोरोनात वास गेला आणि परत आला तो अर्धाच. तेव्हापासून फक्त वाचण्यावर भिस्त.

"पण यात लपवायचं काय आहे, आप्पा?"

"हे पोरींच्या अंगातून उतरतं म्हणतात. त्यांच्या पोरांना होतं. लग्नाच्या आधी कोणाच्या कानावर गेलं तर? सोयरे विचार करतील. तू कुणाला सांगू नको, माय."

मी नाही सांगणार म्हणाले. तेव्हा तो शब्द मला अगदी हलका वाटला होता.

दिवाळीनंतर शेठनी गॅरेजात सुधारणा केली. एकेक डबा आणण्यापेक्षा मोठे पिंप आणायचे आणि त्यातून ऑईल सारख्या आकाराच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये काढून ठेवायचं. ओळखायला झाकणं : लाल ऑईलला लाल, हिरव्याला हिरवं, पिवळ्याला पिवळं. "आता वाचायची भानगड नाही," शेठ खुशीत म्हणाले, "लहान पोरालाही कळेल." आप्पा फळीवरच्या त्या कॅनकडे बराच वेळ बघत उभे होते. मी काचेतून पाहिलं. चार वाजता सगळे चहाला गेले तेव्हा मी मार्कर घेऊन गेले आणि प्रत्येक कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : लाल, हिरवं, पिवळं. आप्पांनी मान हलवली, एवढंच. डिझेलच्या फडक्यानं अक्षरं पुसली जायची. मी दर सोमवारी पुन्हा लिहायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, मला सवय आहे.

आपण शेठना सरळ सांगून छापील चिठ्ठ्या लावून घ्याव्यात, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही असं मला म्हणता येणार नाही. सुचलं होतं. पण शेठनी विचारलं असतं, का? आणि त्या प्रश्नाला आम्ही दोघंही भीत होतो.

लग्नाला तीन आठवडे होते. माझ्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती म्हणून मी आठवडाभर रजेवर होते, मध्ये सोमवार गेला आणि कॅनवर अक्षरं लिहायची राहिली. त्या आठवड्यात गांगुर्डे सरांची गाडी आली. सर हरसूलच्या शाळेत शिकवायचे, राहायला नाशिकात, रोज जाऊन येऊन. गाडी परदेशी बनावटीची, जुनी, हौसेनं घेतलेली. तिच्या स्टिअरिंगचा पाईप बदलायचा होता. आप्पा दुसऱ्या गाडीत गुंतले होते म्हणून पाईप इंजिनवाल्या चौघांतल्या रईसनं बसवला. रईस मालेगावचा, पस्तिशीतला, हाताला स्वच्छ आणि तोंडानं सडेतोड. शुक्रवार होता. पाईप बसवून तो नमाजला गेला. ऑईल ओतायचं राहिलं होतं. सर घाई करत होते. आप्पांनी कॅन काढला आणि ओतलं.

मी रजेवरून आले तेव्हा कार्डावर "काम कोणी केलं" ही जागा रिकामी होती. गाडी रईसच्या जागेवर उभी होती असं रजिस्टरात होतं. मी रईस लिहिलं आणि कार्ड फाईलला लावलं.

तेरा-चौदा दिवसांनी गांगुर्डे सर आले ते रिक्षातून. कपाळावर पट्टी होती. त्यांनी माझ्या टेबलावर पाण्याची एक बाटली ठेवली, तिच्या तळाशी लाल ऑईल होतं. हरसूलकडे घाट उतरताना स्टिअरिंग एकदम जड झालं होतं, गाडी वळली नाही, कठड्यावर गेली. शेजारी त्यांची बायको बसली होती. तिचा उजवा कोपर फुटला. दोन ऑपरेशनं झाली होती आणि हात सरळ होईल असं कोणी म्हणत नव्हतं.

"पाईपाच्या तोंडाशी गळून टाकी रिकामी झाली. तळाला उरलं ते हे. टाकीच्या झाकणावर हिरव्याचा नंबर लिहिलाय. तुम्ही लाल ओतलंत."

शेठनी कार्ड मागितलं. मी दिलं. त्यांनी रईसला हाक मारली. रईस आला, बाटली पाहिली आणि सरळ म्हणाला, "पाईप मी बसवला. ऑईल आप्पांनी ओतलं. मी जुम्म्याला गेलो होतो."

सगळे आप्पांकडे बघू लागले. ते केबिनच्या दारात उभे होते, फडकं हातात.

"मी नाही," आप्पा म्हणाले.

दोनच शब्द. शेठनी रईसकडे वळून आवाज चढवला, "आप्पा एकतीस वर्षं ऑईल ओततायत. तीन ठिकाणी वाचल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. ते चुकतील? वर त्यांचं नाव घेतोस?"

रईसनं आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, कार्डावर माझं नाव कशावरून लिहिलं तुम्ही?"

"गाडी तुझ्या जागेवर होती," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मला जे माहीत होतं ते मी सांगितलं नाही. रईसनं आपली पान्ह्यांची पिशवी उचलली. गेटपर्यंत गेला, परत आला, आपला जेवणाचा डबा विसरला होता तो घेतला आणि गेला.

मुलीचं लग्न सटाण्याजवळ झालं. मी गेले होते. हिरव्या पैठणीत मुलगी सुंदर दिसत होती. आप्पा पंगतीत वाढत फिरत होते, सगळ्यांना आग्रह करत होते, माझ्या पानाशी आले आणि वाढायचं विसरून पुढे गेले. गॅरेजात परत आल्यावर ते स्टिअरिंगची गाडी आली की म्हणायचे, पाठ दुखते, दुसऱ्याला द्या. गिऱ्हाइकानं डबा पुढे केला तरी काही विचारायचे नाहीत. एकदा एका माणसानं लाल ऑईल आणलं, आणि आप्पांच्या समोर दुसऱ्यानं ते तसंच ओतलं. आप्पा उठून नळावर गेले आणि स्वच्छ असलेले हात धूत बसले.

लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "रविवारी मालेगावला येशील?"

का, ते मी विचारलं नाही.

रईस भावाच्या घरी परतला होता आणि भावाच्या यंत्रमागांवर काम करत होता. गल्लीत शिरल्यापासूनच मागांचा खडखडाट सुरू झाला. घर लांबट, मागच्या अंगाला चार माग. रईसच्या बायकोनं आम्हाला आत नेलं. तो मागापाशी उभा होता, केसांत कापसाची पिंज. आम्हाला पाहून त्यानं माग बंद केला नाही.

आप्पा काहीतरी बोलले. मलाही ऐकू आलं नाही.

"काय?" रईस ओरडला. "मोठ्यानं बोला!"

आप्पांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा मागांच्या आवाजात ते बुडालं.

"ऐकू येत नाही!"

तेव्हा त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसानं मान वर केली आणि सगळा दम एकवटून, आपल्या गावच्या बोलीत, तो ओरडला, "चुकनं मन्हं, रईस! मीच ऑईल वतं! माले लाल-हिरवं दिसत नही!"

रईसनं माग थांबवला. शेजारच्या घरांचे चालूच होते. त्याचा भाऊही आपला माग थांबवून बघायला लागला. आप्पांनी मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं, भरतीतल्या ठिपक्यांपासून फळीवरच्या कॅनपर्यंत. माझं नाव घेतलं नाही. मीच म्हणाले, "मला माहीत होतं, रईसभाई. तेव्हाही."

 रईसनं विचारलं, "लग्न झालं पोरीचं?"

"झालं."

"म्हणून आलात." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "पत्रिका अजून घरात आहे. मी यायचा होतो. माझ्या बायकोनं मुलीसाठी कापड घेऊन ठेवलं होतं. नाशिकात तीन गॅरेजं फिरलो मी, आप्पा. सगळीकडे आधीच फोन गेलेला. चुकीचं ऑईल ओतून वर म्हाताऱ्यावर ढकलतो, असा माणूस कोण ठेवणार?"

"मी हात जोडतो तुला."

"नका जोडू. मला कशाला सांगता हे? मी ओतलं नाही हे मला आधीपासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. शेठला सांगा. त्या बाईंना सांगा."

त्यानं माग सुरू केला. त्याच्या बायकोनं चहा केला होता. आप्पा तो उभ्यानंच प्यायले आणि आम्ही निघालो.

सोमवारी सकाळी आप्पा शेठकडे गेले. शेठ माझ्या केबिनमध्येच होते; या वेळी आप्पाही काचेच्या आत आले. शेठनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "हे बाहेर कुठं बोलला नाहीत ना?" मग बराच वेळ समजूत घातली. रईसला मी फोन करतो, परत बोलावतो. तुम्ही आता ऑईलला हात लावू नका, बाकीची कामं बघा. गांगुर्डे सरांना काही सांगायची गरज नाही, ते आता शांत झालेत. शेठ वाईट माणूस नव्हते. आप्पांवर त्यांचा जीव होता. त्याच दुपारी कॅनवर छापील चिठ्ठ्या लागल्या. रईसनं शेठचा फोन उचलला नाही. आप्पांनी आपल्या कप्प्याची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि सरांचा पत्ता विचारला.

सर त्र्यंबक रस्त्याला राहायचे. मी सोबत गेले. दार त्यांच्या पत्नीनंच उघडलं, डाव्या हातानं. उजवा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. केस मोकळे होते. त्या नंतर म्हणाल्या की हात डोक्यापर्यंत जात नाही, शेजारीण येऊन वेणी घालते, आज ती आली नव्हती. आप्पा बसले नाहीत. सांगून झाल्यावर गांगुर्डे सर तरातरा उठले, पोलिसांत जाईन म्हणाले, फोन हातात घेतला. आप्पा म्हणाले, "करा, सर. मी इथंच उभा आहे."

बाईंनी नवऱ्याला हातानंच थांबवलं. मग आप्पांना विचारलं, "तुम्हाला रंग कळत नव्हते, तर तुम्ही हात का लावलात?"

"एकतीस वर्षं लावत होतो, बाई. कधी चुकलं नव्हतं."

"तुम्हाला जेवढं कळलं, तेवढ्यात नव्हतं चुकलं," त्या म्हणाल्या.

 मला वाटतं, त्या क्षणापर्यंत आप्पांनी तसा विचार केलाच नव्हता. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. इतक्या गाड्या, इतके रस्ते, इतके घाट. त्यातलं काय काय त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असेल मला माहीत नाही.

"जा तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "तुम्ही आलात, सांगितलंत, ते ऐकलं. याच्या पुढचं माझ्याकडून आज होणार नाही."

मी त्या खोलीत एक शब्दही बोलले नाही. कॅनवर दर सोमवारी अक्षरं लिहिणारी आणि ते कोणाला न सांगणारी मीच होते, हे त्या बाईंना आजही माहीत नाही. आप्पांनी दोन दारं ठोठावली. माझं एक अजून राहिलंय.

आप्पा गावी परत गेले. फोन केला तर बोलायचे, पण पाऊसपाणी, कांद्याची लावण, एवढंच. मुलीच्या सासरी त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं असं त्यांच्या मंडळींकडून कळलं. तिकडे काही दिवस धुसफूस झाली, मग थांबली. मुलगी मात्र वडिलांवर रागावली. डोळ्यांसाठी नाही. "मला पुढे करून तुम्ही त्या माणसाची नोकरी घालवलीत," असं म्हणाली म्हणे.

वर्षभरानं मी ते गॅरेज सोडलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात धुळ्याला निघाले होते. मालेगावात हायवेवर बस रहदारीत अडकली. खिडकीतून पाहते तर रस्त्याकडेला पत्र्याचं एक छोटं गॅरेज, वर रईसचं नाव. बॉनेट उघडलेल्या जीपमध्ये रईस कमरेपर्यंत वाकला होता. आणि त्याच्या शेजारी, हातात बॅटरी धरून, आप्पा उभे होते.

शेजारच्या सीटवरचा माणूस मालेगावचाच होता. मी विचारलं, ते म्हातारे कोण? तो म्हणाला, "सटाण्याकडून येतात. आठवड्यातून दोनदा तरी येतात. आधी नुसते समोर त्या बाकड्यावर बसायचे. रईसभाई ना बोलायचा, ना हाकलायचा."

मला हाक मारावीशी वाटली. खिडकीची काच सरकवलीही. पण आप्पांचं लक्ष कुठंच नव्हतं. ते श्वास रोखल्यासारखे त्या उजेडाकडे बघत होते. बॅटरी धरून हात भरून आला असावा, कारण तो खाली आला होता आणि उजेड भलतीकडे गेला होता. रईसनं वर पाहिलं नाही. त्यानं डावा हात बाहेर काढला, आप्पांचं मनगट धरलं, उजेड हवा तिथे आणला आणि तसंच ते धरून दुसऱ्या हातानं काम करत राहिला. मग पुढचा ट्रक हलला आणि आमची बस निघाली.